कांचळीतलं चुंबक

माझ्या थोरल्या बहिणीच्या छातीत एक यंत्र बसवलेलं आहे. आमच्या तांड्यात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. ते कशासाठी आहे हे मात्र कोणाला समजून घ्यायचं नव्हतं. माझा भाऊ त्याला मोटार म्हणतो. शेतातल्या बोअरच्या मोटारीला जसा ऑटो स्टार्टर असतो, लाईट आली की आपोआप सुरू, तशी ही बाईची मोटार. ती बोलता बोलता तिचा आवाज घोगरा झाला की तो म्हणायचा, "आली बघा लाईट." सगळे हसायचे. सुरुवातीला मीही हसले. तो विनोद चांगला होता, ते नाकारून काय करायचं.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. आईला याडी, भावाच्या बायकोला भोजाई. घरात आमची बंजाऱ्यांची बोली, गोरमाटी, पण लिहिते मराठीत, कारण शाळेनं मला लिहायला मराठीच शिकवलं. मी आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कोणीतरी ते टोमण्यासारखं सांगणारच आहे. हिंगोलीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पोरांना भिंगं, तारा, होकायंत्रं, चुंबकं काढून द्यायची आणि तास संपला की मोजून परत घ्यायची, हे माझं काम. काम लहान आहे, पण ते मी कोणाच्या ओळखीनं मिळवलेलं नाही.

तांडा कनेरगाव नाक्यापासून आत आहे. नाक्यावर वाशिमच्या गाड्या थांबतात, तिथल्या ढाब्याच्या मागून कच्चा रस्ता जातो. आत हळदीची शेतं, मग सोयाबीन, मग आमची घरं.

बाईची ओळख तिच्या आवाजानं होती. आमच्यात लग्न ठरलं की नवरीला रडायला शिकवतात. बाहेरच्यांना हे ऐकून हसू येतं. माझ्या वर्गातल्या पोरींनाही आलं होतं. पण रडणं म्हणजे नुसतं डोळे पुसणं नाही. त्याला ढावलो म्हणतात. आईबापाला, भावाला, अंगणाला, दावणीच्या बैलाला, एकेकाला उद्देशून सुरात रडायचं, आणि एकेकीच्या गळ्यात पडून रडायचं. शब्द पाठ असावे लागतात, सूर खाली येऊन परत वर कुठं उचलायचा ते कळावं लागतं. ते शिकवायला तांड्यातली एखादी जाणती बाई लागते. आमच्या तांड्यात ती माझी बाई होती. होळीनंतर ती माहेरी यायची तेव्हा आमच्या ओट्यावर पोरी बसायच्या. ती शिकवायची आणि शिकवताना स्वतःच रडायची. पदरानं नाक पुसत म्हणायची, "असं न्हाई बया, हे काय गॅसची टाकी संपल्यावानी रडून राहिलीस. बापाचं घर सुटून राहिलं तुझं." पोरी हसायच्या, मग तिच्याकडे बघून त्यांनाही रडू यायचं. शेजारच्या तांड्यांतून तिला बोलावणी यायची. नवऱ्याच्या घरी तिचं कधी धड चाललं नाही, पण लग्नसराईत ती राणी असायची.

मग ती आजारी पडली.

सासरच्यांनी तिला आणून सोडलं तेव्हा ती बोलत नव्हती. खात नव्हती. भिंतीकडे तोंड करून निजायची, आणि उठवलं तर उठून बसायची, बसवलं तिथंच. लोकांना वाटतं, उदासीच्या आजारात माणूस रडतं. बाई रडली नाही. एक थेंब नाही. तांड्याला रडायला शिकवणाऱ्या बाईचे डोळे ठणठणीत कोरडे. त्यामुळे तिला काही आजार आहे यावरच कोणाचा विश्वास बसेना. भोजाई म्हणायची, "रडत न्हाई, वरडत न्हाई, मग दुखून कुठं राहिलं?" याडीनं भगत केला, कोंबडं दिलं. मी गोळ्या सुरू केल्या. आधी हिंगोलीच्या डॉक्टरच्या, मग नांदेडच्या, मग हैदराबादच्या. एक गोळी बदलून दुसरी, दुसरीच्या जोडीला तिसरी. शॉकही दिले. शॉकनं थोडे दिवस उठली, केस विंचरले, परत पडली. एका दुपारी भाऊ तिला विहिरीच्या काठावरून धरून घेऊन आला. ती ओरडली नाही, हिसका दिला नाही. शेळी धरून आणावी तशी आली. त्या दिवशी भाऊ जेवला नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहिते, कारण पुढे त्याच्याविरुद्ध पुष्कळ लिहायचं आहे.

हैदराबादच्या डॉक्टरांनी शेवटी यंत्राचं काढलं. डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक चपटी डबी बसवायची. तिच्यातून एक तार मानेत न्यायची आणि तिथल्या एका नसेला गुंडाळायची. ही नस मेंदूकडे जाते. डबी दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट त्या नसेला वीज देते, अगदी बारीक. दिवसभर, रात्रभर, वर्षानुवर्षं. औषधं हरल्यावर हा एक रस्ता. डॉक्टर मोठ्या आवाजात, हैदराबादी हिंदीत सांगत होते, "अम्मा, ये शॉक नहीं है. एक दिन में कुछ नहीं होता. साल लगता, साल. सबर चाहिए." डबीचा खर्च दवाखान्याच्या धर्मादाय फंडातून झाला. त्यासाठी मी किती दारांत उभी राहिले ते सांगत बसत नाही.

डॉक्टरांनी आवाजाचंही सांगितलं. आवाजाची नस याच नसेची फांदी आहे. तेव्हा वीज सुरू असेल तेवढा वेळ आवाज घोगरा होईल, घशात गुदगुल्या होतील, पुढे सवय होईल. आणि त्यांनी दोन चुंबकं दिली. एक घड्याळासारखं, पट्ट्याचं. एक साधं, चपटं. डबीवर चुंबक धरलं की धरलं असेपर्यंत यंत्र बंद. काढलं की परत सुरू. जेवताना घास अडकला, फार तकलीफ झाली, तर धरायचं.

सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी बाईला विचारलं, काही विचारायचं आहे का. इतक्या वर्षांत इतक्या डॉक्टरांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

"गाता येईन का?"

मी हिंदीत सांगितलं. डॉक्टर खूश झाले. "गाती क्या अम्मा? अच्छा है. तो गाने तक मॅग्नेट रखो. गाना खतम, मॅग्नेट निकालो. भूलना नक्को."

याडी तिथं होती. भाऊ तिथं होता. हे त्या दोघांनी ऐकलं. परतीच्या गाडीत मी ते मराठीत सांगितलं, घरी गेल्यावर गोरमाटीत सांगितलं, भोजाईला वेगळं बसवून सांगितलं. चुंबक म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही आणि ते दुसऱ्याला कसं शिकवायचं हेही मला येतं. मी रोज तेच करते.

पहिले कितीतरी महिने काहीच झालं नाही. फक्त आवाज जायचा. भिंतीकडे तोंड करून निजलेल्या बाईच्या घशातून मधूनच खरखर यायची. शेजारणी येऊन ऐकून जायच्या. "इतकं कापलं-शिवलं, अन् झालं काय? होता तो आवाज घालवला," असं माझ्या तोंडावर बोलायच्या. भोजाई मला फोनवर विचारायची, "गॅरंटी-वॉरंटी हाय का त्या मशिनीला?" मी म्हणायची, वर्ष लागतं. ती म्हणायची, "हळदीला नऊ महिने लागतात, हिला वर्ष काहून?" मला तेव्हाही दुसऱ्यांदा हसू आलं होतं. आमची माणसं बोलायला भारी आहेत. त्यांच्या बोलण्यावर भाळून मी त्यांना माफ करत आले.

मग दिवाळीनंतर कधीतरी, कॉलेजात प्रात्यक्षिकं चालू असताना याडीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "पोरी, बाई बिघडली. रडून राहिली सकाळपासून."

"काहून?"

"भोजाईनं कढीत मीठ जास्त टाकलं म्हणून भांडली अन् आता रडून राहिली. थांबंना."

मी प्रयोगशाळेच्या बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला सांगता येईना की याडी, ती बिघडली नाही, ती बरी होत आहे. कढीच्या मिठावरून भांडायला माणूस बरं असावं लागतं. रडायला तर फारच बरं असावं लागतं. मी एवढंच म्हणाले, "रडू दे."

त्यानंतर ती पायरी पायरीनं वर आली. हळद शिजवायच्या दिवसांत कढईजवळ बसली. स्वतःच्या हातानं डोकं धुतलं. मी गेले की अंगणात यायची, गळ्यात पडायची. आमच्यात लांबून आलेल्या बाईच्या गळ्यात पडून सुरात रडायची रीत आहे. मी शिकले तेव्हापासून मला त्या रीतीत लाकडासारखं उभं राहायची सवय लागली होती. पण त्या वर्षी बाई माझ्या गळ्यात पडून रडायची आणि मध्येच आवाज घोगरा व्हायचा, आणि ती तशीच पुढे रडायची, आणि मला ते जगातल्या कुठल्याही आवाजापेक्षा आवडायचं.

असं एक वर्ष गेलं. खरं सांगायचं तर चांगलं गेलं.

दुसऱ्या वर्षी भावाच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं. आता ढावलो कोण शिकवणार? आत्याच शिकवणार. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. बाई होळीच्या आधीपासूनच ओटा सारवून बसली होती. मला यायला जमलं नाही. त्या दिवसांत बोर्डाच्या परीक्षा, मग विद्यापीठाच्या, आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे. मी फोन करायची. फोनवर बाईचा आवाज स्वच्छ. एकदा, दोनदा, दर वेळी स्वच्छ. मी मनात म्हटलं, डॉक्टर म्हणालेच होते, सवय होईल. झाली सवय. ती कमी बोलायची, पण मला वाटलं, पोरी बसल्या असतील, घाईत असेल. याडी म्हणायची, "कोकिळेवानी गाऊन राहिली बाई." मी ते कॉलेजात चारचौघांना सांगितलं. माझी बहीण बरी झाली, गायला लागली. मी हैदराबादला फोन करून डॉक्टरांच्या माणसालाही सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी तांड्यात पोचले तेव्हा ढावलो सुरू होता. ऊन उतरलं होतं. ओट्यावर बायांची गर्दी, मधोमध पुतणी, तिच्या गळ्यात बाई. बाईनं जुनी आरशाची चोळी घातली होती, आम्ही तिला कांचळी म्हणतो. तांड्यात आता ती रोज कोणी घालत नाही, लग्नात घालतात. बाईचा आवाज वर चढला, तिथं थांबला, खाली आला. काही मोडलं नाही. मी पाच मिनिटं ऐकलं, दहा मिनिटं ऐकलं. शेजारच्या तांड्यातल्या बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. पुतणी रडत होती. भोजाई मोठ्यानं रडत होती. ढाब्यावरून भांडी घेऊन आलेला माणूसही गाडीला टेकून उभा राहिला होता. सगळे म्हणत होते, असा ढावलो पुन्हा व्हायचा नाही.

फक्त बाईचे डोळे कोरडे होते.

शब्द बराबर, सूर बराबर, हात पुतणीच्या पाठीवर जिथं फिरवायचा तिथं बराबर फिरत होता. डोळे भिंतीकडे. गळ्याजवळची हाडं वर आलेली. मला त्या डोळ्यांची ओळख होती. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसून घास भरवले होते. एवढ्या बाया तिचं रडणं ऐकत होत्या, तिच्या तोंडाकडे एकीनंही बघितलं नव्हतं.

मग कोणीतरी मला पुढे ढकललं. लांबून आलेली बहीण, गळ्यात पडायलाच पाहिजे. मी पडले. बाईनं रीतीप्रमाणे मला धरलं आणि माझं नाव घालून सूर उचलला. मागे व्हायला गेले तर माझा पदर अडकला. पाहते तर पदराची सेफ्टी पिन तिच्या कांचळीला, डाव्या बाजूला, आरशांच्या रांगेच्या मध्ये चिकटली होती. आरशात अडकली नव्हती, चिकटली होती. मी ती ओढली, सुटली. सोडली, परत चिकटली.

लोखंड कशाला चिकटतं, हे मला कोणी सांगायला नको.

मी कांचळीवर हात ठेवला. आतल्या बाजूनं कापडाचा खिसा शिवलेला होता, चारही बाजूंनी बंद. बारीक टाके. असे टाके आमच्या घरात याडीच घालते.

मी तिथं बोलले नाही. पोरीचं लग्न होतं. लग्न लागलं, जेवणं झाली, दुसऱ्या दिवशी पोरगी गाडीत बसली. मांडव सोडायला माणसं लागली तेव्हा मी याडीला, भावाला आणि भोजाईला घरात बोलावलं. बाई आत निजली होती, भिंतीकडे तोंड करून.

"हे कवापासून?"

मग भोजाईच म्हणाली, "होळीपासून. पोरी शिकायला बसायच्या, मधीच हिचा आवाज जायचा, पोरी हसायच्या. हातानं धरून ठेवलं तर ढावलोत हात कसा फिरवावा? मग याडीनं खिसा शिवला."

"अन् गाणं झाल्यावर?"

"कांचळी काढली की निघतंच ना ते."

"निघत होतं का?"

भोजाई मांडवाकडे बघायला लागली. एकट्या आमच्या घरचंच लग्न नव्हतं. आवाज परत आला म्हटल्यावर इकडून तिकडून बोलावणी आली, एक लग्न झालं की दुसरं. बाई कांचळी काढतच नव्हती. काढली तर झंपराच्या आत दुसरा खिसा होता. तोही याडीनंच शिवला होता. दोन चुंबकं, दोन खिसे. यंत्र होळीपासून बंद होतं.

भाऊ म्हणाला, "अगं, लग्नापुरतंच होतं. आता काढू. मोटार काय पळून चालली का?"

"दोन महिने मोटार बंद ठेवली असती तर हळद जगली असती का तुझी?"

"हळद येगळी, माणूस येगळं."

"व्हय," मी म्हटलं, "हळदीला तू असं केलं नसतं."

तो उठून बाहेर गेला. जाता जाता म्हणाला, "बीएस्सीबाईंला कोण सांगावं." ते कोणीतरी म्हणणारच होतं.

याडी राहिली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, चिडली. "तू हिंगोलीत राहून राहिलीस. तुला काय ठावं? इतकी वर्सं हिच्या दारात कुत्रं आलं न्हाई. लग्नाचं बोलावणं घराला यायचं, हिला सोडून. ह्या होळीपासून पोरी बसल्या तिच्याजवळ. चांगल्या चांगल्या घरच्या बाया तिला हाताला धरून न्यायच्या. माणसात आणलं तिला. तुझ्या मशिनीनं न्हाई आणलं, आवाजानं आणलं."

"अन् आता कुठं हाय ती? बघ, कुठं हाय."

याडीनं आत बघितलं नाही.

"गाण्याला लावा म्हणून डागदरच म्हणला व्हता," ती म्हणाली. "तूच सांगितलं मला."

मी हे सांगते कारण ते खरं आहे. डॉक्टर म्हणाले होते, आणि मी सांगितलं होतं. पण त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गाताना लावा, गाणं संपलं की काढा. आमच्या माणसांनी पहिली घेतली आणि दुसरी सोडून दिली, कारण पहिलीत त्यांचं काम होतं. भाऊ म्हणतो मी कडू बोलते. बोलते.

मी आत गेले आणि कात्रीनं दोन्ही खिसे उसवले. बाई बघत होती.

"मीच म्हणलं शिव," ती म्हणाली. सपाट आवाजात, काही सांगायचं म्हणून सांगितलं तसं. थोड्या वेळानं त्या वाक्याच्याच मागं तिचा घसा खरखरला. यंत्र सुरू झालं होतं.

मी तिला हिंगोलीला आणलं. पावसाळा सगळा आमच्या दोन खोल्यांत गेला. हैदराबादला नेऊन आणलं. डॉक्टरांनी डबी तपासली, डबीला काही झालं नव्हतं. ती पहिल्यासारखी चालू होती. बाई पहिल्यासारखी नव्हती. पुन्हा तेच घास, तेच भिंतीकडे तोंड, आणि खिडकीला मी लावलेली कडी. कॉलेजात जाताना शेजारणीला बसवून जायची आणि दिवसभर माझं लक्ष फोनकडे असायचं. एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा करायला लागलं की पहिल्यांदाची उमेद नसते. पहिल्यांदा मला देव पावल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्यांदा नुसती चीड होती, आणि चिडीवर मी ते दिवस काढले. तांड्यातून फोन यायचे. कशी आहे म्हणून कमी, पंचमीला येईल का, पोरी विचारतात म्हणून जास्त.

थंडी पडायला लागली तेव्हा एकदा जेवताना तिनं वाटी पुढे सरकवली.

"हे काय वरण हाय? पाण्याला डाळीचं सपान पडलं वाटतं."

मी वाटीकडे बघत बसले. मग तिच्याकडे बघितलं तर ती खरोखरच चिडली होती. त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिनं घेतलं. आणि पंधरा दिवस गेले नसतील, तिनं मला विचारलं, "चुंबकं कुठं हायेत?"

"आहेत."

"एक दे."

"कशाला?"

"पाहिजे."

मी दिलं नाही. ती म्हणाली, "तुझ्या कालेजात पोत्यानं पडलेत. लोकांच्या पोरांला वाटून राहिलीस, बहिणीला एक देईनास." मी म्हटलं, ती पोरं तास संपला की परत देतात. त्यावर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. बोलताना मध्येच आवाज घोगरा झाला. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, गाण्यापुरतं द्यायला हरकत नाही, वीज थोडी कमी करून पाहू, पण आत्ता नको, आत्ताच वर आली आहे. पुढे बघू. घास अडकल्यावर धरायचा इलाज मला ठाऊक आहे, ती तांड्यात गेली तर त्यासाठी एक चुंबक भोजाईकडे नाही, तिथल्या शेजारच्या मास्तरांच्या घरी ठेवायचं, आणि गाण्यासाठी कोणाच्याच हाती द्यायचं नाही, असं मी ठरवलं. डॉक्टरांनी दवाखाना पाहिला आहे, आमचा तांडा पाहिलेला नाही.

ती आता तांड्यात आहे. स्वतःच गेली, बॅग भरून, कनेरगाव नाक्याच्या गाडीत बसून. एक चुंबक मास्तरांकडे आहे. दुसरं प्रयोगशाळेच्या कपाटात, पट्टीचुंबकांच्या खोक्यामागे, किल्ली माझ्याकडे.

या लग्नसराईत ढावलो शिकवायला डोंगरकड्याकडच्या एका तांड्यातून दुसरीच बाई आणली. मी एका लग्नाला गेले होते. नव्या बाईचा आवाज बरा आहे. माझी बाई मागे, खांबाला टेकून बसली होती, साध्या पातळात. तिच्याजवळ कोणी पोरगी बसलेली नव्हती. ढावलो उचलला तशी ती रडायला लागली. धो धो. नाक पुसत, ओठ हलवत. आवाज घोगरा असेल तेव्हा घोगरा, साफ असेल तेव्हा साफ, कोणाला ऐकू जात नव्हता. त्या सगळ्या ओट्यावर खरं रडणारी तेवढी एकच असेल, आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी बघत होते. मला बघताना तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं.

माझ्या गळ्यात ती पडली नाही. लांबून आलेल्या बहिणीच्या गळ्यात पडायची रीत आमच्या तांड्यात माझ्यापुरती संपली.

फोन मात्र करते. दर आठवड्याला, भांडायला. तू मला जितं ठेवलंस अन् मुकं केलंस म्हणते. तुला बरी बहीण पाहिजे होती मिरवायला, म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण त्यातलं सगळंच खोटं नाही. तिचा आवाज चढतो, चढता चढता मध्येच खरखरतो. आधी अशा वेळी ती थांबायची, अर्धा मिनिट जाऊ द्यायची आणि मग पुढे बोलायची. आता थांबत नाही. घोगऱ्या आवाजातच मला शिव्या घालते, न अडखळता.

मी फोन कानाला लावून ऐकते. चालू आहे, म्हणते मनात. आणि खाली ठेवत नाही.